ग्रुप गावाचा, की ॲडमिनचा?

तुम्ही गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन असाल तर आधी एक भीती मनातून काढून टाका. ग्रुपवर दुसऱ्या कुणी वाईट लिहिलं म्हणून तुम्ही आपोआप आरोपी होत नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावला २०१६मध्ये असा गुन्हा दाखल झाला होता. एका सदस्यानं ग्रुपमधल्याच एका महिलेबद्दल घाणेरडी भाषा वापरली. ॲडमिननं त्याला काढलं नाही, माफी मागायला लावलं नाही, म्हणून ॲडमिनचंही नाव गुन्ह्यात आलं. मार्च २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. दोघांनी आधी मिळून ठरवलेलं होतं असं दिसत नसेल, तर सदस्याच्या शब्दांचा भार ॲडमिनच्या डोक्यावर टाकता येणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं. पुढच्याच वर्षी केरळ उच्च न्यायालयानंही तसाच निकाल दिला.

मात्र या निकालांवर फार रेलून बसू नका. ॲडमिनच्या हातात माणसाला घेणं आणि काढणं एवढंच असतं, मजकूर आवरण्याची सोय त्याच्याकडे नसते, हा त्या निकालांतला एक मुख्य आधार होता. २०२२पासून व्हॉट्सॲपनं ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसायची सोय दिली आहे. त्यामुळे ‘माझ्या हातात काय होतं?’ हे उत्तर पूर्वीइतकं भक्कम राहिलेलं नाही. आणि कोर्टानं सोडलं म्हणून गाव सोडतंच असंही नाही. ग्रुपवर काय राहतं, काय जातं, कोण बाहेर फेकला जातो, हे ठरवणाऱ्यानं गावाला उत्तर द्यायचं असतं. पुढे जे सांगतो आहे ते या दुसऱ्या जबाबदारीबद्दल.

हद्दीवरचं गाव

समोर वेवजी ठेवून लिहितो आहे. पालघर जिल्ह्यात, तलासरी तालुक्यातलं, गुजरातच्या उंबरगाव तालुक्याला खेटून असलेलं हे गाव. पलीकडे सोळसुंबा, उंबरगाव रोडचं रेल्वे स्टेशन आणि जीआयडीसीचे कारखाने. इकडची माणसं पाळीला तिकडे जातात. परराज्यांतून आलेले कामगार भाड्याची खोली शोधत इकडे येतात. १९६०च्या १ मेला राज्यं वेगळी होईपर्यंत उंबरगाव इकडच्याच, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात होतं. सोयरीक, बाजार, दवाखाना यांनी ती नवी रेषा फारशी मनावर घेतली नाही. रेषेचं भांडण मात्र आहे. सोळसुंब्याच्या पंचायतीनं आपल्या हद्दीत येऊन दिवे लावले, ही वेवजीकरांची तक्रार वर्तमानपत्रांतून सगळ्या महाराष्ट्रानं वाचली.

अशा गावाचा ग्रुप चालवणं हे शहरातल्या सोसायटीचा ग्रुप चालवण्यासारखं नाही. इथे मराठी, गुजराती, हिंदी आणि वारली अशा चार भाषा एकाच पडद्यावर येतात. वाचणाऱ्यांपेक्षा ऐकणारे जास्त, म्हणून अर्धे निरोप आवाजाचे. एका घरात एक फोन, तोही बहुतेक वेळा कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात. आणि रस्त्यावर रोज अनोळखी चेहरा दिसणारच, कारण गावच दोन राज्यांच्या उंबऱ्यावर आहे. हे सगळं धरूनच नियम करावे लागतील. बाहेरून आयते आणलेले नियम इथे टिकत नाहीत.

या जिल्ह्यानं दोन्ही टोकांच्या चुका पाहिल्या आहेत. जे बोलू द्यायला हवं होतं ते दाबल्याची, आणि जे थांबवायला हवं होतं ते फिरू दिल्याची.

जे राहू द्यायचं

पहिली चूक पालघर शहरातली. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं, मुंबई बंद राहिली. त्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. दुसरीनं त्या आवडल्याची खूण केली. दोघींना अटक झाली, आणि जमावानं एकीच्या काकांचा दवाखाना फोडला. पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले. अटकेसाठी वापरलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ला श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवलं. त्यानंतरही ठिकठिकाणची पोलीस ठाणी ते कलम लावत राहिली, म्हणून ऑक्टोबर २०२२मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. तेव्हा ‘६६अ लावीन’ अशी धमकी आजही कुणी दिली, तर ते कलम मेलेलं आहे एवढं सांगा.

२०१५च्या त्या निकालात ॲडमिनच्या कामाची एक कसोटी आहे. न्यायालयानं बोलण्याचे तीन प्रकार केले: चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी. चर्चा आणि पुरस्कार, मग ते मत लोकांना कितीही नावडो, घटनेच्या कलम १९(१)(अ)च्या गाभ्यात बसतात. बोलणं चिथावणीपर्यंत पोचलं की मगच बंधनाचा प्रश्न येतो. तुमच्या ग्रुपवरही हेच लावा. ‘नळपाणी योजनेचं पाणी आमच्या पाड्यावर येत नाही’ ही चर्चा. ‘हद्दीची मोजणी होईपर्यंत पलीकडच्या पंचायतीचे दिवे बंद ठेवा’ हा पुरस्कार. ‘चला, आज रात्री खांब पाडू’ ही चिथावणी. पहिल्या दोन वाक्यांना हात लावू नका, तुम्हाला ती आवडोत वा न आवडोत. तिसरं तिथल्या तिथे पुसा आणि लिहिणाऱ्याला फोन करा.

सर्वांत जास्त अडचण होते ती सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक, ठेकेदार यांच्यावरच्या टीकेची. ॲडमिन त्यांच्याच ओळखीतला असतो, कधी घरातलाच. ‘ग्रुपवर राजकारण नको’ हे वाक्य अशा वेळी फार कामाला येतं, आणि ते जवळजवळ नेहमी प्रश्न विचारणाऱ्यालाच सांगितलं जातं, सत्कारांचे फोटो टाकणाऱ्याला नाही. हा दुटप्पीपणा गावाला दिसतो. राजकारण नको असेल तर वाढदिवसाचे फलकही नकोत. फलक चालत असतील तर प्रश्नही चालले पाहिजेत.

टीका करणाऱ्यालाही दोन शब्द. ‘सरपंच चोर आहे’ असं लिहिलंत तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६खाली बदनामीचा दावा होऊ शकतो, आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. त्याऐवजी ‘अमुक कामाचं बिल निघाल्याचं ई-ग्रामस्वराजवर दिसतं, जागेवर खांब तीनच आहेत, उरलेले कुठे आहेत?’ असं विचारा, आणि फोटो जोडा. ई-ग्रामस्वराजवर ग्रामपंचायतीचे खर्च कुणालाही पाहता येतात, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. सार्वजनिक हितासाठी सांगितलेली खरी गोष्ट बदनामी ठरत नाही, असा अपवाद त्याच कलमात आहे. तो वापरायचा तर हातात कागद हवा. माहितीच्या अधिकारातला अर्ज १० रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेवढेही पडत नाहीत, आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

हद्दीच्या वादाचंही तसंच. ‘एक इंचही देणार नाही’ अशा मेसेजला शंभर अंगठे मिळतात, पण त्यानं खांब हलत नाही. सर्व्हे नंबर, सातबाऱ्याचा उतारा, भूमी अभिलेख कार्यालयाला दिलेल्या मोजणीच्या अर्जाची तारीख असं काही ग्रुपवर टाकलं तर पुढच्या माणसाला त्यावर काम करता येतं. आणि एक लक्षात ठेवा, पलीकडच्या गावातले लोकही हे वाचतात. स्क्रीनशॉट हद्द ओलांडायला परवाना मागत नाही.

जे त्याच रात्री थांबवायचं

दुसरी चूक गडचिंचल्याची. १६ एप्रिल २०२०ची रात्र, टाळेबंदी चालू. डहाणू तालुक्यातलं हे गाव दादरा-नगर हवेलीच्या हद्दीवर. मुंबईहून सुरतेला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक तिथे अडवले गेले आणि जमावानं तिघांनाही ठार मारलं. त्याआधी कितीतरी दिवस चोर आलेत, पोरं पळवणारे आलेत, किडन्या काढणारे आलेत अशा वावड्या त्या पट्ट्यात फोनवरून आणि तोंडोतोंडी फिरत होत्या. गावोगावी रात्रीची गस्त सुरू झाली होती. त्याच आठवड्यात सारणी गावाजवळ मदत वाटून परतणाऱ्या एका डॉक्टरांच्या गाडीवर हल्ला झाला होता. तेवढी सूचना पुरे होती.

मारेकऱ्यांचं कोर्टानं काय ते करावं. ॲडमिननं विचार करायचा तो त्या आधीच्या दिवसांचा. अफवा एका रात्रीत माणूस मारत नाही. ती आधी गस्त घालायला लावते, मग काठी हातात देते, मग अनोळखी गाडी दिसली की उरलेलं काम अंधार करतो. धुळ्याच्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ला भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना भर दिवसा, बाजाराच्या दिवशी मारलं गेलं. तिथेही अफवा पोरं पळवण्याचीच होती. तो धडा जवळजवळ दोन वर्षं आधीचा, आणि गडचिंचल्यापर्यंत पोचला नव्हता.

गडचिंचल्यानंतर दुसरी अफवा आली, ती मात्र गावातून नव्हे, देशभरातून. मारणारे अमुक धर्माचे होते, असं पसरवलं गेलं. एका चित्रफितीत कुणी ‘ओय, बस’ म्हणतं, त्याचं ‘शोएब, बस’ करून ती फिरवली गेली. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्यांची यादीच जाहीर केली, तिच्यात एकही मुसलमान नव्हता. म्हणजे एकाच घटनेनं दोन वेगळी कामं दाखवली: घडण्याआधीची अफवा अडवणं आणि घडून गेल्यावरची अडवणं. दुसरं अधिक अवघड, कारण तेव्हा लोक रागात असतात आणि आपल्याला आवडेल तेच खरं मानतात.

आता करायचं काय, ते सांगतो. पोरं पळवणारे, दरोडेखोर, विषारी पाणी, जातीधर्मातल्या मारामारीची चित्रफीत, असं काही ग्रुपवर आलं की पहिल्या पाच मिनिटांत ग्रुप ‘फक्त ॲडमिन पाठवू शकतात’ या स्थितीवर ठेवा. मेसेजचा स्क्रीनशॉट काढा, पाठवणाऱ्याच्या नावासकट आणि वेळेसकट. मग मेसेज सगळ्यांसाठी पुसा. मेसेजवर दोन बाणांची खूण असेल तर तो अनेक हातांतून फिरून आलेला आहे, त्यातलं काही पाठवणाऱ्यानं स्वतः पाहिलेलं नसतं. त्याला शत्रू समजू नका, फक्त फोन करून विचारा: ‘तुला कुणी पाठवला?’ बहुतेक वेळा दोन-तीन फोनांत धागा तुटतो.

त्यानंतर तलासरी पोलीस ठाण्याला किंवा ११२ला फोन, पोलीस पाटलांना निरोप, आणि मग ग्रुपवर तुमचा स्वतःचा मेसेज. तो असा असावा: ‘मी अमुक, ॲडमिन. पोरं पळवणारे आलेत असा मेसेज आत्ता आला होता. नऊ वाजता पोलीस ठाण्याशी बोललो, अशी एकही तक्रार त्यांच्याकडे नाही. कुणीही गाडी अडवू नये. अनोळखी माणूस दिसला तर ११२ला कळवा, त्याला हात लावू नका.’ खात्री झाली नसेल तर ‘खोटं आहे’ असंही म्हणू नका. ‘खात्री झालेली नाही, होईपर्यंत पुढे पाठवू नका’ म्हणा. उद्या त्यातलं काही खरं निघालं तर तुमचा पुढचा शब्द कुणी ऐकणार नाही, आणि मग उरतो फक्त अफवेचा आवाज.

हाच मजकूर वारलीत बोलून आवाजाच्या निरोपानं टाका, ओळखीच्या माणसाच्या आवाजात. आशाताई किंवा अंगणवाडीच्या बाई बोलल्या तर उत्तम, त्यांचा आवाज प्रत्येक पाड्याला ठाऊक असतो. मेसेज लिहून टाकला आणि काम झालं असं समजणारा ॲडमिन निम्म्या गावाला बाहेर ठेवतो. ज्या घरी फोनच नाही तिथे माणूस पाठवायला हवा.

ग्रुप बंद ठेवलात तर कधी उघडणार तेही तिथेच लिहा. ‘सकाळी सातला उघडेल.’ रात्रीपुरता घातलेला ब्रेक पाच दिवस तसाच राहिला, तर लोक दुसरा ग्रुप काढतात आणि त्यात तुम्ही नसता.

भूकंपाच्या बाबतीत या तालुक्यांना वेगळी सवय आहे. नोव्हेंबर २०१८पासून धुंदलवाडीच्या आसपास धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि डहाणू-तलासरीतली कितीतरी कुटुंबं रात्र-रात्र घराबाहेर झोपली. तेव्हापासून भूकंपाचा मेसेज आला की इथला माणूस हसत नाही, उठून बसतो. म्हणून इथे नियम साधा ठेवा: ‘आत्ता धक्का जाणवला’ असं कुणीही लिहावं, ती माहिती आहे. ‘आज रात्री दोन वाजता मोठा धक्का येणार’ असं कुणीही लिहू नये, कारण भूकंपाची वेळ सांगता येणारं शास्त्र जगात कुठेही नाही. धक्का किती रिश्टरचा होता ते राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या ‘भूकंप’ या ॲपवर पाहता येतं.

लहान मुलांचे फोटो, अत्याचार झालेल्या मुलीचं नाव, कुणाच्या आजाराचा अहवाल, आधार कार्डाची छायाचित्रं हे सगळं चर्चा न करता पुसा. यात बोलण्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्नच नाही.

काढण्याआधी

माणसाला ग्रुपमधून काढणं हे बोट टेकवण्याइतकं सोपं असल्यामुळे फार होतं. मेसेज पुसला तर एक वाक्य जातं. माणूस काढला तर रेशनची तारीख, लसीकरणाचा दिवस, रोजगार हमीचं काम, पुराचा इशारा, सगळंच त्याच्यापासून जातं. म्हणून मी तरी माणूस काढायच्या ठाम विरोधात आहे, अपवाद फार थोडे: धमकी, स्त्रियांना अश्लील मजकूर, जातीवरून अपमान आणि समजावूनही अफवा पुन्हा पुन्हा टाकणं. जातीवरून अपमान झाला असेल तर तो अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्याखालचा मामला होऊ शकतो. तो ‘आपसात मिटवा’ म्हणून दडपण्याचा अधिकार कुठल्याच ॲडमिनला नाही.

काढायची वेळ आलीच तर एकट्यानं काढू नका. गावच्या ग्रुपला तीन ॲडमिन असावेत, वेगवेगळ्या पाड्यांचे, एक तरी बाई, आणि एक तरी वारली आणि गुजराती दोन्ही नीट समजणारा. मेसेज आपल्याला न कळणाऱ्या भाषेत आहे म्हणून संशयानं पुसायचा नाही, कळणाऱ्याला विचारायचं. तिघांपैकी दोघांचं एकमत झालं तरच माणूस निघेल, आणि तोही ठरावीक दिवसांसाठी, सात किंवा पंधरा. कारण त्याला फोन करून सांगा. त्याला आपली बाजू मांडायची असेल तर तिसरा ॲडमिन ती ऐकेल.

एक वही ठेवा. तारीख, काय पुसलं, कुणाला किती दिवस काढलं, का, कुणी ठरवलं. कंटाळवाणं काम आहे, पण ‘आमच्याच माणसांना काढता’ असा आरोप आला की ही वहीच तुमच्या बाजूनं बोलेल. किंवा तुमच्या विरुद्ध. वही ठेवायला नाखूश असलेला ॲडमिन दिसला तर त्याचं कारण बहुधा दुसरंच असतं.

इथे एक कायदा ठाऊक असायला हवा. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानं २०१६मध्ये स्वतंत्र कायदा केला, तो जुलै २०१७पासून लागू आहे. जातपंचायतीनं किंवा गावानं एखाद्या कुटुंबाशी बोलणं, व्यवहार, समारंभ तोडायचं ठरवलं तर तो गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. एखाद्याला ग्रुपमधून काढलं म्हणजे लगेच बहिष्कार झाला असं नव्हे. पण पंचांनी सांगितलं म्हणून एका घरातल्या सगळ्यांना काढलं, आणि त्याच आठवड्यात त्या घरच्या लग्नाला कुणी गेलं नाही, तर तुमचं बोटही त्या बहिष्काराचा पुरावा होतं. असा दबाव आला तर ‘लेखी द्या’ म्हणा. लेखी द्यायला कुणी तयार होत नाही.

सरपंच ॲडमिन असेल तर

हा सगळ्यांत नाजूक भाग. पुष्कळ गावांत ग्रुप सरपंचांनी काढलेला असतो, निवडणूक हरले की तो ग्रुप त्यांच्याबरोबर जातो आणि नवा सरपंच नवा ग्रुप काढतो. गावाची चार-पाच वर्षांची माहिती त्या जुन्या ग्रुपबरोबर बुडते.

म्हणून आधी नावाचा निर्णय घ्या. ग्रुपच्या नावात ‘ग्रामपंचायत’ असेल, त्यावर ग्रामसभेच्या नोटिसा आणि योजनांच्या याद्या येत असतील, तर तो ग्रुप पदाचा आहे, माणसाचा नाही. पद सोडताना किल्ल्या आणि दप्तर देतात तसे ॲडमिनचे अधिकारही द्यायचे. आणि अशा ग्रुपमधून टीका केली म्हणून नागरिकाला काढता येऊ नये. अमेरिकेतही हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पोर्ट ह्युरॉन नावाच्या छोट्या शहराच्या प्रशासकानं साथीच्या काळात आपल्या फेसबुक पानावरच्या टीका पुसल्या आणि टीका करणाऱ्याला अडवलं. मार्च २०२४मध्ये न्यायालयानं कसोटी सांगितली: तो माणूस त्या ठिकाणी सरकारच्या वतीनं बोलण्याचा अधिकार खरोखर बाळगून होता का, आणि बोलताना तो अधिकार वापरत होता का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर टीका पुसणं हे सरकारनं पुसणं ठरतं. आपल्यावर तो निकाल बंधनकारक नाही, पण वेवजीच्या पंचायतीला तो प्रश्न स्वतःला विचारायला काहीच हरकत नाही.

सरपंचांना स्वतःचा ग्रुप हवा असेल तर त्यांनी खुशाल काढावा, ‘अमुक भाऊ मित्रमंडळ’ असं स्पष्ट नाव देऊन. तिथे कुणाला ठेवायचं हा त्यांचा प्रश्न. दोन्ही भांडी एकत्र केली की घोळ होतो.

ग्रामसभेची जागा ग्रुपला देऊ नका, हेही आलंच. ग्रुपवर टाकलेली नोटीस ही फलकावरच्या नोटिशीला आणि दवंडीला जोड आहे, बदली नाही. तलासरी आणि डहाणू अनुसूचित क्षेत्रात येतात. अशा क्षेत्रांसाठीचा १९९६चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४चे पेसा नियम इथल्या ग्रामसभेला इतर ठिकाणांपेक्षा जास्त अधिकार देतात, पाड्यालाही गाव म्हणून घोषित करून स्वतःची ग्रामसभा घेता येते, आणि पेसाच्या पाच टक्के अबंध निधीचा हिशेब ग्रामसभेपुढे यायचा असतो. ग्रुपवर ‘ठीक आहे’चे पन्नास अंगठे आले म्हणजे ठराव झाला असं कुणी सांगू लागलं तर त्याला इतिवृत्त दाखवायला सांगा. पाड्याची ग्रामसभा वेगळी होत असेल तर पाड्याचा ग्रुपही वेगळा चालवा. छोट्या ग्रुपमध्ये माणसं एकमेकांना चेहऱ्यानं ओळखतात, खोटं बोलणं कठीण जातं.

आणि प्रत्येक अधिकृत मेसेजखाली नाव हवं, ‘ग्रामपंचायतीकडून’ एवढं पुरत नाही. निरोप खरा कुणाचा ते न कळण्याची किंमत या भागाला फोन येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. मे १९४५मध्ये याच जुन्या उंबरगाव तालुक्यात, झरीला, हजारो वारल्यांनी किसान सभेच्या मेळाव्यात वेठबिगार करणार नाही असं ठरवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांच्या नावानं खोटा निरोप पाड्यापाड्यांत फिरवला गेला, लोक तलवाड्याला जमले, आणि पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. निरोप कुणी दिला, कुणाकडून आला, हे विचारायला त्या लोकांकडे साधन नव्हतं. तुमच्याकडे फोन आहे, ज्याच्या नावानं निरोप आला त्यालाच तो लावता येतो.

येत्या ग्रामसभेसाठी एक विषय लेखी देऊन विषयपत्रिकेत घालायला लावा: गावाच्या ग्रुपच्या तीन ॲडमिनची नावं, त्यांची एक वर्षाची मुदत, आणि ग्रुपच्या वहीचं वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचन. ठराव झाला की त्याची प्रत मागून घ्या आणि तिचा फोटो ग्रुपवर टाका.